तुम्ही विचारलंत म्हणून : पीएचसीच्या खिडकीआड

"डी.फार्म. झालं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं, पीएचसीची, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची ऑर्डरही निघाली. आता चिठ्ठी बघून गोळ्या मोजून द्यायच्या, एवढंच ना काम?" फार्मासिस्ट म्हणून नव्यानं लागलेली मुलंमुली हे हमखास विचारतात. गोळ्या मोजणं महिनाभरात हाताला बसतं. जे औषध ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ते कपाटात असणं, हे जमायला दोन-तीन पावसाळे जातात. मार्च एंडचा हिशेब वरच्यांना लागतो. मराठवाड्यातलं कपाट मात्र पेरणी, फवारणी आणि ऊसतोडीप्रमाणे रिकामं होतं.

सुरुवात चार्ज घेण्यापासून. ई-औषधीवरचा, म्हणजे सरकारी औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीतला साठा आणि फळीवरचा साठा क्वचितच जुळतो. लेबर रूमला, ड्रेसिंगला, उपकेंद्राला दिलेला माल नोंदवायचा राहून जातो, किंवा नोंदीत बॅच नंबर एक आणि खोक्यावर दुसराच. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक औषध बॅचनिहाय मोजा आणि फरक लिहून त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्या. संकोच वाटतो, पण नंतर तो फरक तुमच्या नावावर बसतो.

मागणीपत्रात बहुतेक जण एकाच जागी फसतात. समजा साखरेच्या गोळीचे, मेटफॉर्मिन 500 चे, 200 रुग्ण आहेत, रोज दोन गोळ्या. महिन्याला 12,000 लागतात. गेल्या तीन महिन्यांत 12,000, 12,000 आणि 4,000 गेल्या, कारण तिसऱ्या महिन्यात माल दहाच दिवस पुरला. सरळ सरासरी काढली तर 9,333 येते, आणि पुढची मागणीच कमी जाते. मग पुन्हा तुटवडा, पुन्हा खाली आलेली सरासरी. खप भागायचा तो माल हाती असलेल्या दिवसांनी : 28,000 भागिले 70, म्हणजे दिवसाला 400, महिन्याला पुन्हा 12,000. तीन महिन्यांची गरज, त्यावर एक महिन्याची गंगाजळी, वजा शिल्लक. हिशेब चौथीचा आहे, पण तो करणारे थोडे.

काही औषधांना मात्र सरासरी लागूच पडत नाही. सर्पदंशाची लस वर्षातले आठ महिने तशीच पडून असते आणि जून ते सप्टेंबर तिच्याशिवाय भागत नाही. दहा व्हायल म्हणजे एका माणसाचा पहिला डोस, आणि लहान मुलालाही तेवढाच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. म्हणजे "दहा शिल्लक आहेत" याचा अर्थ एकच रुग्ण. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर ही एकच लस चालते. पावडरच्या व्हायलमध्ये 10 मिली स्टराइल वॉटर घालून ती हलकेच गोल फिरवायची. घाईनं जोरात हलवली की फेस होतो आणि वेळ जातो. शेजारी ॲड्रिनॅलिन हवंच, कारण लसीचीच रिॲक्शन येऊ शकते.

कापूस-सोयाबीनची फवारणी सुरू झाली की ॲट्रोपिन, कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं इंजेक्शन. अँप्यूल 0.6 मिलिग्रॅमची. डॉक्टरांनी तीन अँप्यूलनं सुरुवात केली आणि गुण येईना म्हणून दर 5 मिनिटांनी डोस दुप्पट केला, तर पंधराव्या मिनिटाला 45 अँप्यूल संपलेल्या असतात. पन्नासचा साठा कागदावर भरपूर दिसतो, तो असा. विंचवासाठी प्राझोसिन ठेवा. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला केलेल्या कामामुळे ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशात रुजली. साधी गोळीच हवी, हळूहळू विरघळणारी नको. आणि दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायला सांगा, उठला की बीपी पडतं. हंगाम सरल्यावर उरलेला माल मुदतीच्या तीन महिने आधी तालुक्याला कळवा, दुसऱ्या केंद्राच्या कामी येईल.

उन्हाळ्याचं थोडक्यात. पारा 42-43 वर जातो तेव्हा स्टोअरची पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते; खोकी तिच्यापासून वीतभर दूर आणि जमिनीवरून फळीवर घ्या. बाळंतपणात लागणारं ऑक्सिटोसिन फ्रीजबाहेर ठेवलं की त्याचा जोर कमी होतो, आणि ते ऐन बाळंतपणात कळतं. आयएलआरला, म्हणजे लसींच्या फ्रीजला, 24 तासांत 8 तास वीज मिळाली तरी आतलं तापमान टिकतं, पण झाकण सारखं उघडलं तर नाही. त्यामुळे स्टाफच्या पाण्याच्या बाटल्यांना त्यात जागा नाही, कोणी कितीही रागावलं तरी. पेंटा, टीडी, हिपॅटायटिस बी या लसी तळाला ठेवू नका. त्या गोठल्या की वाया.

आता खिडकी. रांग लांब, प्रत्येकाला मिनिटभरही मिळत नाही. त्यात "1-0-1" म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपल्याला कळतं, आजीला नाही. पाकिटावर सूर्य आणि चांदणी काढा, आणि "समजलं का?" असं विचारू नका, त्याला सगळेच मान हलवतात. "आजी, ही कवा घेणार, सांगा बरं मला," म्हणा. स्ट्रिप कापताना मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत आपल्याकडे राहू द्या. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडॅझोल एका खणात कधीच नको. अक्षर किरटं असलं की घोटाळा ठरलेला.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलमध्ये सर्वांत जास्त चुका होतात. 10 किलोच्या बाळाला किलोमागे 15 प्रमाणे 150 मिलिग्रॅम. 5 मिलीत 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते 6 मिली, 5 मिलीत 250 असलेल्या सिरपचे 3 मिली, आणि 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे दीड मिली. मागच्या खेपेला 125 ची बाटली होती, आज 250 ची आली, आई मात्र तेवढंच पाजणार. म्हणून बाटली बदलली की तोंडानं सांगायचं, आणि घरातल्या चमच्याऐवजी झाकणावरची रेघ बोटानं दाखवायची.

लाल गोळी, म्हणजे लोहाची, गरोदरपणात रोज एक, 180 दिवस. शौचाला काळं होतं हे आधीच सांगितलं नाही तर पोरी घाबरून आठवड्यात बंद करतात. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात दोन तासांचं अंतर.

नवरात्र आणि रमजान आले की साखरेच्या रुग्णांना विचारायचं : उपास धरणार का, रोजे ठेवणार का? ग्लिमेपिराइड घेऊन दिवसभर पोटात काही नसेल तर साखर एकदम पडते. गोळी बदलायचा अधिकार आपला नाही. चिठ्ठीसकट डॉक्टरांकडे परत पाठवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं काम मात्र आपल्यालाच काढावं लागतं, विशेषतः बीड-धाराशिवकडे. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते ती पाच-सहा महिने परतत नाही, आणि बीपीची गोळी 30 दिवसांचीच दिलेली असते. घटस्थापनेच्या आत आशाताईंकडून जाणाऱ्यांची यादी घ्या, साठा बघून डॉक्टरांशी जादा दिवसांचं बोला. कार्डावर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव आणि ताकद लिहा, म्हणजे सांगली-कोल्हापुरातल्या केंद्रातही कळेल. टीबीचा रुग्ण असेल तर निक्षय क्रमांक, म्हणजे त्याचा सरकारी टीबी नोंदणी क्रमांक, त्याच कार्डावर. कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, गोळ्या चुलीपासून लांब, स्टीलच्या डब्यात ठेवायला सांगा; इन्सुलिन असेल तर पिशवीत घालून ओल्या मडक्यात. कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा फोन यादीत लिहून ठेवा, कारण पहिला महिना संपला की तोच फोन लावायचा आहे.