बी मूव्ही म्हणजे भिकार पिक्चर नव्हे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय निघाला की मी थांबत नाही हे आमच्या परभणीत आता सगळ्यांना माहितीय. प्रश्न ठरलेला असतो, 'बी मूव्ही म्हणजे फालतू पिक्चरच ना हो?' तर नाही. फालतू पिक्चर शंभर कोटीचा पण निघतो, मोठा हिरो घेऊन निघतो आणि आपटला तरी ए-च राहतो. बी ठरतो तो पैशाच्या व्यवहारावरून, आणि ते पण शूटिंग सुरू व्हायच्या आधीच.

मूळ भानगड अमेरिकेतली. १९३० नंतरच्या मंदीत थेटरं ओस पडायला लागली तशी मालकांनी एका तिकिटात दोन पिक्चर द्यायला सुरुवात केली. पहिला, तो ए, मोठ्या नटांचा, त्याच्या गल्ल्यात स्टुडिओची टक्केवारी. जोडीला दुसरा, तो बी, त्याचं भाडं ठरलेलं, हाउसफुल जावो की खुर्च्या रिकाम्या राहोत. आता गल्ला वाढून एक पैसा जास्त मिळणार नसेल तर निर्माता काय करणार, खर्चच कापणार ना, मग सव्वा तासात पिक्चर गुंडाळा, दुसऱ्याच्या उभ्या सेटवर काम उरका, दिवस कमी करा, नट स्वस्तातले घ्या.

पण ह्याच कापाकापीतून लै भारी गोष्टी निघाल्या. आरकेओ स्टुडिओत वॅल ल्यूटन नावाचा निर्माता होता, त्याला पिक्चरचं नाव वरून ठरवून मिळायचं आणि दीड लाख डॉलरच्या आत बसव म्हणायचे. १९४२ चा 'कॅट पीपल' त्यातलाच. आपण चवताळलो की बिबट्या होऊ अशी भीती घेऊन जगणारी बाई, आणि जनावर जवळजवळ दाखवलेलंच नाही. अंधारा पोहायचा तलाव, पाण्यात एकटी पोरगी, भिंतीवर हलणारी सावली, बस्स. मी अजूनही तो सीन पाय वर घेऊन बघतो. हाताशी पैसा असता तर एखादा पेंढा भरलेला बिबट्या आणून सगळं घालवलं असतं बघा.

१९४८ साली (हो, आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्रामाचंच साल) तिकडच्या सुप्रीम कोर्टानं गठ्ठ्यानं पिक्चर थेटरवाल्यांच्या माथी मारायला बंदी केली, स्टुडिओंना स्वतःची थेटरं पण सोडावी लागली, त्यात टीव्ही आला आणि जोडीचा खेळ हळूहळू मोडला. काटेकोर हिशेबानं बी मूव्ही तिथंच संपला. नाव मात्र उरलं, ते स्वस्तातल्या पिक्चरांना चिकटलं, म्हणजे दिग्दर्शक रॉजर कॉर्मननं १९६० मध्ये आलेल्या 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चं मुख्य शूटिंग दुसऱ्या पिक्चरच्या उरलेल्या सेटवर दोन दिवस नि एका रात्रीत उरकलं, तसल्या.

आपल्याकडे जोडीचा खेळ फारसा रुजला नाही पण ठरलेल्या भाड्याचा, फिक्स हायरचा व्यवहार होताच. आणि पिक्चरच्या धंद्यात मराठवाडा 'निझाम' सर्किटमध्ये, म्हणजे पिक्चर वाटपाच्या त्या पट्ट्यात मोडतो, मुंबईच्या नाही. निझाम गेला, सर्किट राहिलं!

आपले खरे बी वाले म्हणजे भुताखेताचे हिंदी पिक्चर काढणारे रामसे. सात भाऊ, एक लिहिणार, एक कॅमेरा, एक साउंड, एक एडिटिंग, तुलसी आणि श्याम डायरेक्शनला. मजूर परवडत नाहीत म्हणून सगळं घर कापूस वेचायला उतरतं तसं. 'दो गज जमीन के नीचे' १९७२ चा, आणि १९८४ चा 'पुराना मंदिर' तर तुफान चालला. 'जय संतोषी माँ' विचाराल तर बनवताना बी होता, १९७५ मध्ये लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं तो भाग वेगळा.

हां, आणि 'मालेगाव के शोले', म्हणजे मालेगावच्या पोरांनी केलेली 'शोले'ची नक्कल. तो मी बी धरत नाही, ती हौस आहे, पदरमोड करून केलेली. आणि ते मालेगाव नाशिककडचं, आमच्या खंडोबाच्या जत्रेचं माळेगाव नव्हे, हे पण दर वेळी कुणीतरी विचारतंच.