बँकेची नोकरी का सोडली? तुम्ही विचारलेत म्हणून

मोडीच्या वर्गातल्या पहिल्या दिवशी, एखाद्या लग्नाच्या पंगतीत किंवा जुने कागद घेऊन घरी आलेल्या माणसांपुढे चहा ठेवताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. राष्ट्रीयीकृत बँकेतली अधिकारीपदाची नोकरी, निवृत्तीला नऊ वर्षे शिल्लक, घराचे हप्ते फिटत आलेले, आणि अशा वेळी ते सारे सोडून तुम्ही मोडी लिपीतले कागद वाचायला का बसलात? आजवर मी समोरच्याची सवड पाहून या प्रश्नाची लहानमोठी उत्तरे देत आले. आज जरा सविस्तर लिहिते.

आधी एक समज दूर करते. पुष्कळांना वाटते की नोटाबंदीच्या काळातल्या कामाने मी जेरीस आले आणि बाहेर पडले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि मी ३१ मार्च २०१८ रोजी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यामुळे या दोन गोष्टींची सांगड घालणे सोपे जाते. पण त्या पन्नास दिवसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ३० डिसेंबरपर्यंत आमच्या शाखेच्या दारात पहाटेपासून रांग असे, रात्री दहा-दहा वाजेपर्यंत रोख जुळवावी लागे, आणि आमच्या शिपाईमामांच्या घरून आलेल्या भाकऱ्या आम्ही सगळे टेबलावर कागद पसरून एकत्र खात असू. त्या दिवसांत एकाही सहकाऱ्याने काम टाकून घर गाठले नाही. अशा माणसांना कंटाळून नोकरी सोडावी असे माझ्या मनात कधी आले नाही.

सुरुवात त्याच्या खूप आधी, २००८ साली झाली. मी १९९० मध्ये लिपिक म्हणून बँकेत लागले होते, पुढे अधिकारी झाले आणि त्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शेतीकर्जाचे काम पाहत होते. केंद्र सरकारने कर्जमाफी जाहीर केली होती. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ व्हायचे होते आणि त्यांच्या याद्या आम्ही शाखेच्या फलकावर लावल्या होत्या. एके दिवशी दुपारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा माझ्या टेबलापाशी आले. यादीत नाव आहे हे ऐकून ते निघाले नाहीत. त्यांनी कोपरीच्या खिशातून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला एक कागद काढला, चार घड्यांचा, घडीवर विरलेला, आणि तो माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ताईसाहेब, ह्यो बी कर्जाचाच कागद हाय. आज्यानं बापाला सांगितलं हुतं, जपून ठेव म्हून. ह्याचं बी माफ हुईल का, बघा की."

मी कागद उलगडला. वरून खालपर्यंत एकसारख्या आडव्या रेघा आणि त्यांना लगडलेली गोल, वळणदार अक्षरे. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. कागद मराठीत होता आणि माझी मातृभाषा मराठी होती, तरी मला त्यातले एक अक्षर वाचता आले नाही. "आजोबा, हा फार जुना आहे, आमच्या बँकेचा नाही," एवढेच मी म्हणाले. त्यांनी तो पुन्हा फडक्यात बांधला, नमस्कार केला आणि ते गेले. मी त्यांना खोटे काही सांगितले नव्हते. पण शिकलेली बाई म्हणून त्यांनी ज्या विश्वासाने तो कागद माझ्यापुढे ठेवला होता, त्या विश्वासाला मी पुरी पडले नाही, ही बोच त्या दिवसापासून राहिली.

पुढे पुण्यात बदली झाली तेव्हा मी रविवारच्या मोडीच्या वर्गाला नाव घातले. ज्यांना ही लिपी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. छपाईला बालबोध, म्हणजे आजची देवनागरी, सोयीची पडली आणि स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत शाळांतून मोडी गेली, पण त्याआधी कित्येक शतके मराठीतला बहुतेक सगळा दैनंदिन व्यवहार मोडीत होत असे. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग हात शक्य तितका कमी उचलत तिच्याखाली अक्षरे जोडीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, नेहमीचे शब्द एका-दोन अक्षरांत आवरलेले. तारीखही सरळ येत नाही. 'इहिदे सितैन मया व अलफ' असे अरबी अंकशब्द उलट्या क्रमाने लिहिलेले असतात. एक, साठ, शंभर आणि हजार मिळून त्या काळच्या कालगणनेतला सुहूर सन ११६१ होतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७६०-६१ निघतो, म्हणजे पानिपताचे वर्ष. मुळाक्षरे तीन आठवड्यांत येतात. कागद वाचता यायला मात्र वर्षे लागतात, कारण प्रत्येक कारकुनाचा हात निराळा असतो आणि तो हात डोळ्यात मुरावा लागतो.

इथे मला माझ्या नोकरीचा उपयोग झाला, आणि हे मी मुद्दाम नमूद करते, कारण नोकरीतली वर्षे वाया गेली असे मी कधी मानलेले नाही. धनादेशावरची सही नमुन्याशी ताडून पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली होती. वळण कुठे जड आहे, हात कुठे उचलला आहे, हे पाहण्याची सवय डोळ्यांना होती. त्याहून मोठी ओळख शब्दांची निघाली. बँकेत संगणक येण्यापूर्वी आम्ही हाताने वह्या लिहीत होतो, आणि किर्द, खतावणी, जमा, खर्च, शिल्लक, ताळेबंद हे शब्द माझ्या रोजच्या बोलण्यातले होते. वर्गातल्या इतरांना लढायांची पत्रे हवी असत. माझ्यापुढे गावच्या हिशेबाचा कागद आला की मला घरी आल्यासारखे वाटे.

त्यातला एक प्रसंग सांगते. एका कुटुंबाने जपलेल्या दप्तरातली गावखर्चाची छोटीशी तेरीज, म्हणजे गोषवारा, मी वाचायला घेतली होती. देवीच्या नंदादीपाला तेल ३॥, म्हणजे साडेतीन रुपये, पाटलाचे पागोटे ५, कागद व शाई १॥, आणि तालुक्याला जाणाऱ्यांचा भत्ता २. माझी बेरीज बारा येत होती आणि कागदावर तळाशी १२। होते, म्हणजे सव्वाबारा. चार आण्यांचा फरक. लिहिणाऱ्याची चूक म्हणून मी पुढे जाऊ शकले असते. पण चार आण्यांसाठी संध्याकाळी सगळी शाखा थांबलेली मी तरुणपणी पाहिली होती, फरक सापडेपर्यंत कोणी उठत नसे. मी भिंग घेऊन पुन्हा प्रत्येक ओळ तपासली. तेव्हा भत्त्याच्या दोनच्या पुढे, कागदाच्या सुरकुतीत, एक बारीक उभी रेघ दिसली. ती सुरकुतीची सावली नव्हती, ती पाव रुपयाची खूण होती. दोन नव्हे, सव्वादोन. कारकुनाचा हिशेब बरोबर होता आणि माझे वाचन चुकले होते. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता. ज्याचे नावही त्या कागदावर नव्हते अशा माणसाबरोबर मी रोख जुळवली होती.

तरीही नोकरी सांभाळून रविवारी हे करता आले असते, असे तुम्ही म्हणाल. मीही सात-आठ वर्षे तेच केले. निर्णय झाला तो आमच्या गुरुजींमुळे. त्यांच्या हाताखाली आम्ही सहा-सात जण वाचत होतो. शिवकाळातला कागद ते वर्तमानपत्र वाचावे तसा वाचीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली दृष्टी गेली. कडेचे दिसे, समोरचे अक्षर दिसत नसे. मी भेटायला गेले तेव्हा निवृत्तीनंतर पूर्ण वेळ यात घालवीन असे मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बाई, निवृत्तीनंतर पुष्कळ जण येतात हो. मन लावून येतात. पण डोळे मागे ठेवून येतात." मग त्यांनी मला एक पत्र मोठ्याने वाचायला लावले आणि जिथे मी अडले तिथे ते नुसत्या मागच्या-पुढच्या शब्दांवरून मला पुढे नेत राहिले.

पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या दगडी इमारतीत पेशवे दफ्तर आहे. तिथे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड छापले, आणि एवढे प्रचंड काम होऊनही न वाचलेले कितीतरी शिल्लक राहिले. घरोघरच्या माळ्यांवर आणि ट्रंकांत आहे ते वेगळेच. मी पन्नास वर्षांची होते. साठाव्या वर्षी सुरुवात केली तर हाती काय लागेल, आणि आज केली तर काय लागेल, याचा मी सरळ हिशेब मांडला.

त्याच सुमारास पदोन्नतीची संधी आली होती. ती स्वीकारली तर परराज्यात बदली ठरलेली होती. बँकांच्या पेन्शन नियमांप्रमाणे वीस वर्षांची सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. पूर्ण पेन्शनला तेहतीस वर्षे लागतात, म्हणजे माझी थोडी कमी बसणार होती. यजमानांनी दोन रात्री वहीत आकडे मांडले आणि मग म्हणाले, "जमेल. पण मुलाच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावायचा नाही." सासूबाईंनी एकच विचारले, "पेन्शन तुझ्या नावावर बसेल ना?" बसेल म्हटल्यावर त्यांचा आक्षेप उरला नाही. माझी आई मात्र रडली. मला नोकरीचे पत्र आले तेव्हा तिने आळीत पेढे वाटले होते, आणि ती नोकरी मी आपणहून सोडावी हे तिला अखेरपर्यंत पटले नाही. तिचे हे दुःख मी टाळू शकले नाही, त्याचे मला आजही वाईट वाटते.

शेवटचा दिवस वार्षिक हिशेबबंदीचा होता, त्यामुळे निरोपाला कोणालाच सवड नव्हती आणि ते बरेच झाले. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे असे. किल्ल्यांच्या नोंदवहीत मी सही केली, घेणाऱ्या सहकाऱ्याने माझ्या सहीखाली सही केली. पर्समधला तो कप्पा मी नंतर वर्षभर रिकामा ठेवला होता आणि रिक्षात बसले की हात आपोआप तिथे जाई.

पहिले वर्ष कठीण गेले, हे लपवत नाही. सकाळी दहा वाजता आपली वाट पाहणारे कोणी नाही, ही गोष्ट सहन व्हायला वेळ लागतो. लिप्यंतराचे पैसे पानावर मिळतात आणि ते नियमित नसतात. आजही माझी या कामातली मिळकत बँकेच्या पगाराच्या जवळपास जात नाही, आणि पेन्शन नसती तर मी हे धाडस केले नसते. जे मला विचारतात त्यांतल्या काहींच्या मनात स्वतःची नोकरी सोडण्याचा विचार असतो, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी सगळीकडे चौकशी होऊ लागली. जन्ममृत्यूची जुनी पुस्तके, शाळांचे दाखले, महसुली नोंदी घेऊन माणसे दारात येऊ लागली. बहुतेकांना खरे काय लिहिले आहे तेच हवे असते. पण कागदावर आपल्याला हवा तोच शब्द असावा अशी आशा धरून आलेलेही असतात, आणि एकदा तर "एवढे एक अक्षर तसे लावा" असे मला कोणी विनवले. मी कागद परत दिला. व्हाउचरवर सही करताना जी जबाबदारी होती तीच लिप्यंतराखाली सही करताना आहे. ज्याला स्वतः वाचता येत नाही तो माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून आलेला असतो. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्यापुढे रोज तीच अक्षरे असतात.

नोकरी सोडल्यावर दुसऱ्या वर्षी मी साताऱ्याकडच्या त्या गावी गेले. आजोबा वारले होते. त्यांच्या सूनबाईंनी ट्रंकेतून तेच पिवळे फडके काढून दिले. ओसरीवर उजेडात बसून मी कागद उलगडला आणि या वेळी तो वाचला. शके १७६५, म्हणजे १८४३ साल. तो कर्जरोखा नव्हता. ती फारखती होती, कर्ज फिटल्याचा लेख. मुद्दल आणि व्याज मिळून भरून पावलो, तुम्हाकडे काही बाकी राहिली नाही, असे सावकाराने लिहून दिले होते. त्या घरात पिढ्यान् पिढ्या तो कर्जाचा कागद म्हणून जपला गेला होता.

सूनबाईंनी मला तो दोनदा वाचायला लावला. मग मी त्याची बालबोधीत नक्कल केली, खाली तारीख घालून सही केली आणि ती त्यांच्या शाळकरी मुलाच्या हातात दिली. त्याने ओसरीच्या खांबाला टेकून ती अडखळत, मोठ्याने, शेवटपर्यंत वाचली.