कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड: पायथ्याला गाडी सुरक्षित, धबधब्याला नाही

"पायथ्याच्या गावात रात्रभर गाडी ठेवू नका, सामान जातं." निघण्याआधी हा सल्ला चार जणांकडून मिळाला आणि तो साफ चुकीचा निघाला. बारी, रतनवाडी, पाचनई या तिन्ही पायथ्यांना दोन गाड्या उभ्या होत्या, त्यातल्या दोन ठिकाणी मुक्कामी. कशालाही हात लागला नाही. काच फुटली ती भंडारदऱ्याच्या परिसरात रस्त्याकडेच्या एका धबधब्यापाशी, भर दुपारी, गाडी सोडून जेमतेम ४० मिनिटं झाली असताना. मागच्या सीटवरची एक सॅक गेली. तिच्यात स्लीपिंग बॅग, रेन जॅकेट, दोन हेडटॉर्च, पॉवरबँक आणि कॅमेऱ्याची एक लेन्स होती. जागेचं नाव देत नाही, कारण पावसाळ्यात अशा कुठल्याही थांब्याला हेच होऊ शकतं.

म्हणून या वृत्तांतात गडांपेक्षा गाडी आणि सामान यांच्याबद्दलच जास्त आहे. कळसूबाईला (१६४६ मीटर) बारीहून शिड्यांची वाट आहे, शनिवार-रविवारी शिड्यांवर रांग लागते, पहाटे निघा. रतनगडावर नेढ्यात (खडकाला पडलेल्या आरपार भोकात) वारा खाल्ला, उतरून अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, सोनकी फुलली होती. दोन्ही दिवस छान गेले. पुढे.

धबधब्यापाशी चोरी का होते, हे त्या जागी पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. पाण्याच्या आवाजात काच फुटल्याचा आवाज बुडतो. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे, पाठी रस्त्याकडे. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा, त्यामुळे दुचाकीवरचा माणूस दोन मिनिटांत पुढच्या वळणापलीकडे असतो. आजूबाजूला घर नाही, आणि उभ्या असलेल्या ३०-४० गाड्यांपैकी कुठली कोणाची हे कोणालाच ठाऊक नसतं. सॅक काढणारा माणूस बघणाऱ्याला गाडीचा मालकच वाटतो. गावात उलट असतं. कोणाच्या अंगणात कुठली गाडी लागली हे शेजारपाजारच्या पाच घरांना माहीत असतं, कुत्री अनोळखी माणसावर भुंकतात, आणि बाहेर पडायचा रस्ता वस्तीतूनच जातो.

बाजूच्या काचा टफन्ड असतात, एका ठोक्यात त्यांचे बारीक खडे होतात. पुढची काच दोन थरांची, तिच्या वाटेला कोणी जात नाही. बहुतेक वेळा मागच्या दाराजवळची छोटी तिकोनी काच फोडतात, कारण तिथून हात घालून आतली कडी उघडता येते. गाडीचा अलार्म वाजला तरी अशा ठिकाणी कोणी मान वळवत नाही. त्यामुळे कुलपांवर आणि अलार्मवर विसंबू नका. काच फोडावीशी वाटेल असं बाहेरून काहीच दिसू नये, ही एकच गोष्ट खरी कामाची आहे.

आता नेमकं काय करायचं ते. सर्वांत मोठी चूक थांब्यावर पोचल्यावर होते. गाडी लावायची, उतरायचं, मागच्या सीटवरच्या सॅक सगळ्यांदेखत डिकीत टाकायच्या आणि निघून जायचं. टपरीवर बसून बघणाऱ्याला कुठल्या डिकीत काय आहे याची यादीच मिळते. आवराआवर आधीच्या थांब्यावर करा. मुंबईहून येताना घोटीत, पाचनईला जाताना राजूरला चहासाठी थांबता तेव्हा सॅक डिकीत, पाण्याच्या बाटल्या आणि छत्र्या तेवढ्या पुढे. धबधब्यापाशी डिकी उघडायचीच नाही. टॉवेल आणि कोरडे कपडे लागणार असतील तर तेही आधीच एका साध्या कापडी पिशवीत काढून ठेवा.

हॅचबॅकमध्ये पार्सल ट्रे लावलेला हवा. तंबू मावावा म्हणून तो काढून घरी ठेवणारे बरेच असतात आणि मग सगळं मागच्या काचेतून दिसतं. सात आसनी गाडीत मागची रांग दुमडली की आडोसा काहीच उरत नाही. तिथे काळी किंवा करडी चादर सामानाच्या चारही बाजूंनी खोचून घ्या, नुसती वरून टाकलेली चादर सॅकचा आकार दाखवते. सेडानच्या डिकीवर आंधळा विश्वास नको. काच फुटली की ड्रायव्हरच्या सीटजवळचा खटका ओढून किंवा मागच्या सीटची पाठ पाडून डिकीत हात जातो. पाठीच्या खटक्याला किल्लीचं कुलूप असेल तर ते लावा. काळी फिल्म लावायचा विचार सोडून द्या. बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा असा नियम आहे, दंड होतो.

चार्जिंगची वायर लोंबत ठेवू नका. मोबाइलचा स्टँड काढलात तर काचेवर उरलेला रबराचा गोल डागही पुसा, कारण तो डाग "मोबाइल किंवा कॅमेरा आतच असेल" असं सांगतो. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून उघडाच ठेवलेला उत्तम. आरसीबुक घरीच राहू दे, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची प्रत चालते, पण ती आधीच उघडून बघा, वर नेटवर्कचा भरवसा नाही. आणि रिमोटचं बटण दाबून चालायला लागू नका. सिग्नल जाम करणारं यंत्र वापरलं असेल तर दार उघडंच राहतं, फोडाफोड न होता सामान जातं आणि विम्याला दाखवायलाही काही उरत नाही. प्रत्येक दार हाताने ओढून बघा, डिकीसकट. दहा सेकंद लागतात.

खाली लटकवलेली स्टेपनी असलेल्या गाड्यांना स्टेपनीचं वेगळं कुलूप हवंच, ती काढायला एक पाना पुरतो. दुचाकीवाल्यांनी बंजी दोरीने बांधलेली बॅग गाडीवर सोडून पाच मिनिटंही लांब जाऊ नये. हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याने अडकवलं तर पट्टा कापून नेतात, स्टीलची केबल हेल्मेटच्या पुढच्या मोकळ्या भागातून घालून चाकाच्या आऱ्यांत किंवा चेसिसमध्ये ओवा. मुक्कामाला जुन्या दुचाकीचा पेट्रोलचा कॉक बंद करा. पेट्रोल काढून घेण्याचे प्रकार सामानाच्या चोरीपेक्षा जास्त ऐकू येतात.

चावी एकाकडे, दुसरी चावी दुसऱ्या माणसाकडे, दोन्ही एका सॅकमध्ये कधीच नकोत. बंपरमागे किंवा चाकावर ठेवलेली चावी म्हणजे चोराला दिलेलीच. गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, हेही ध्यानात असू द्या.

पार्किंगच्या पैशांबद्दल. एका पायथ्याला ५० रुपयांची पावती फाडली, रात्री "लक्ष ठेवायचे" म्हणून गाडीमागे २०० वेगळे घेतले, आणि सकाळी लक्ष ठेवणारा माणूस कोण हे कोणालाच सांगता येईना. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत "वाहन व सामानाची जबाबदारी मालकाची" असा शिक्का. अशी पावती म्हणजे जागेचं भाडं, राखण नव्हे. हॉटेलने चावी ताब्यात घेऊन गाडी लावली असेल तर नुसती "मालकाच्या जबाबदारीवर" अशी पाटी लावून हात झटकता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये सांगितलं आहे. पण मोकळ्या मैदानात चावी तुमच्याच खिशात असते, तिथे या निकालाच्या आधारावर भांडायला जाऊ नका.

२०० रुपये द्यायचेच तर घराला द्या. पाचनईत जेवण सांगता त्याच घरच्या अंगणात गाडी लावा, आणि उतरल्या उतरल्या विचारा, "मावशी, जाताना नाश्ता, उद्या परत आल्यावर जेवण, गाडी रात्रभर अंगणात, सगळं धरून किती?" आकडा तिथेच ठरवा, निम्मे आधी द्या, परतायची वेळ सांगा. ज्या घरी उद्या तुम्ही पंगतीला बसणार आहात, त्या घरातली माणसं रात्री कुत्रं भुंकलं की उठून बघतात. गाडीचं नाक रस्त्याकडे, डिकी भिंतीला लागून. डिकी उघडायलाच जागा उरत नाही. वनविभागाच्या प्रवेशाची पावती जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तुम्ही कधी वर गेलात याचा तो पुरावा आहे.

आता हरिश्चंद्रगड. वर सामान जातं ते गावकऱ्यांमुळे नाही, हे ठासून सांगायला हवं. शनिवारी रात्री वर जेवढे तंबू, तेवढी अनोळखी माणसं, आणि सगळ्यांकडे जवळपास एकाच रंगाची, एकाच दुकानातली सॅक. अर्धं सामान चोरीला जात नाही, दुसऱ्या गटाच्या ढिगात जातं. पण चोरी नसली तरी ते तुमच्या हाती परत येत नाही, म्हणजे गेल्यातच जमा. म्हणून खुणा करा. प्रत्येक काठीला, कॅराबिनरला (दोर अडकवायच्या धातूच्या कडीला), स्टोव्हला दोन रंगांच्या इन्सुलेशन टेपचे शेजारी शेजारी पट्टे मारा, एक रंग कोणाचाही असतो. दोर आणि स्लिंगवर (नायलॉनच्या शिवलेल्या पट्ट्यावर) मार्करने नाव लिहू नका. शाईतल्या द्रावकाने नायलॉन कमकुवत होऊ शकतं. दोराच्या अगदी टोकाला टेप, स्लिंगच्या शिवलेल्या लेबलवर खूण, एवढंच.

धोक्याची वेळ रात्रीची नाही, सूर्यास्ताची आहे. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे त्या पाऊण तासात गडावरचा प्रत्येक माणूस कड्यावर असतो आणि तंबू मोकळे. दुसरी वेळ पहाटेची, गडावरच्या तारामती शिखरावर सूर्योदय बघायला जातात तेव्हा. दोन्ही वेळा एक माणूस तंबूपाशी थांबवा, पाळी लावा. ज्याने सूर्यास्त सोडला त्याला सूर्योदय. गट दोघांचाच असेल तर शेजारच्या तंबूवाल्यांशी आधी चहा घ्या आणि मग सांगा, "दादा, जरा इकडे बघाल का?" नाव माहीत असलेल्या माणसाच्या तंबूकडे माणूस खरंच बघतो.

तंबू पायवाटेच्या कडेला एकटा नको. दोन तंबू असतील तर दारं समोरासमोर, मध्ये दीड-दोन मीटर. तंबूच्या चेनला छोटं कुलूप लावण्याची जी टूम आहे ती निव्वळ वेडेपणा आहे. कापडाला ब्लेड पुरतं, वरून "आत काहीतरी आहे" अशी जाहिरात होते, आणि आतून कुलूप लावून झोपलात तर आग लागल्यावर किल्ली शोधावी लागेल. त्यापेक्षा चार सॅक एकमेकींना जोडा. ४ मिलिमीटर जाडीची, दीड-दोन मीटरची केबल प्रत्येक सॅकच्या वरच्या कडीतून आणि खांद्याच्या एका पट्ट्यातून ओवा. नुसत्या कडीतून नको, तिची शिवण उसवते. केबल पक्कडीने कापता येते, पण अंधारात ५०-६० किलोचा गठ्ठा उचलून कोणी पळत नाही.

बूट! सर्वांत जास्त बूटच जातात. ओले असतात, वास येतो, म्हणून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी एक किंवा दोन्ही गायब. कधी माणूस नेतो, कधी कुत्रं. अनवाणी पाचनई उतरणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच विचारा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत पायाशी ठेवा, विंचूही शिरत नाही. स्टोव्हची मान गॅसच्या डब्यापासून सोडवून आत घ्या. मोबाइल, पैसे, चावी आणि औषधं पोटपिशवीत, आणि ती स्लीपिंग बॅगच्या आत. झोपडीवजा हॉटेलात चार्जिंगला लावलेली पॉवरबँक सोडून जाऊ नका, एकाच बोर्डावर दहा सारख्या पॉवरबँका असतात. खाणं तंबूत उघडं ठेवलंत तर माकडं कापड फाडतात, त्यांना चेनसुद्धा उघडता येते.

ब्लूटूथ ट्रॅकर गाडीत आणि शहरात कामाचा, गडावर नाही. तो आजूबाजूच्या फोनांच्या इंटरनेटवर जगतो. तरी एक सॅकच्या अस्तरात शिवून टाका, चोर खाली उतरला की कदाचित दिसेल.

चोरी झालीच तर काचेचा एक खडाही हलवण्याआधी आत-बाहेरून फोटो, नंबरप्लेट दिसेल असे. मग ११२. भंडारदरा आणि पाचनईकडचा भाग राजूर पोलीस ठाण्याकडे येतो. घाईत असाल तर घराजवळच्या ठाण्यातही तक्रार देता येते, हद्द कुठलीही असली तरी ती नोंदवून घ्यायला हवी. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. यादी किमतीसकट लिहा, बिलं जोडा. ५००० रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे तपास जवळपास होत नाही, आणि लोक हळहळत "एक बॅग गेली" एवढंच लिहून येतात. तंबूतून गेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५मध्ये राहत्या तंबूतली चोरी शब्दशः आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, साध्या चोरीच्या दुपटीहून जास्त. मोबाइल गेला असेल तर तक्रारीची प्रत घेऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बंद करा. तो नंबर *#०६# दाबून निघण्याआधीच कागदावर लिहिलेला हवा.

गाडीचा सर्वसमावेशक विमा (नुसता थर्ड पार्टी नव्हे) काचेचे पैसे देतो, आतल्या सामानाचे देत नाही, त्यासाठी वेगळं जोड-संरक्षण (ॲड-ऑन) घ्यावं लागतं. काचेवर घसारा (जुनेपणाची कपात) लागत नाही, पण दावा केला की नो-क्लेम सवलत, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते. छोट्या काचेसाठी ५० टक्क्यांची सवलत घालवणं मूर्खपणा आहे, आधी गॅरेजमधून आकडा घ्या. दावा करणार असाल तर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने बघेपर्यंत नवी काच बसवू नका.

परतीच्या पावसासाठी: फुटलेल्या काचेच्या कडेचं पाणी कपड्याने पूर्ण टिपा, जाड प्लास्टिक आतून आणि बाहेरून असं दोन थरांत लावा, चिकटपट्टी पत्र्यावर किमान चार बोटं चढवा आणि पुढच्या कडेपासून मागे ओढत आणा. उलटं लावलंत तर कसारा घाटात वारा ते उपटून नेतो. खडे सीटबेल्टच्या खाचेत अडकतात, ते काढल्याशिवाय मागे कोणाला बसवू नका.