आईची नजर गेली, माझीही जाईल का?

मधुमेहानं नजर गेलेल्या आईची तपासणी झाली की सोबत आलेला मुलगा किंवा मुलगी दाराशी घुटमळते आणि हळूच विचारते, “डॉक्टर, मलाही मधुमेह आहे. हे माझ्याही रक्तात असेल का?” तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

हो, आनुवंशिकतेचा वाटा आहे. एकसारख्या जुळ्या भावंडांत दोघांनाही मधुमेह असेल, तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) अवस्थाही बहुधा मिळतीजुळती निघते. डीसीसीटी या मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासातल्या रुग्णांचे मधुमेही नातेवाईक तपासले, तेव्हाही गंभीर रेटिनोपथी (मधुमेहानं पडद्याच्या रक्तवाहिन्यांना होणारी इजा) काही घरांत एकवटलेली दिसली. पण ‘हेच ते जनुक’ असं बोट ठेवता येत नाही. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ प्रथिनाचं जनुक, साखरेचं सॉर्बिटॉल करणाऱ्या अल्डोज रिडक्टेजचं जनुक, अशी कितीतरी जनुकं तपासून झाली. एका अभ्यासात सापडलेला दुवा दुसऱ्यात टिकत नाही. त्यामुळे तुमचा पडदा पुढे कसा राहील हे सांगणारी जनुकचाचणी मी कुणालाही करायला सांगत नाही.

त्याच डीसीसीटीचा १९९३ सालचा निष्कर्ष मात्र मी प्रत्येकाला सांगते. टाइप १ मधुमेहाचे रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले होते. म्हणजे बरीवाईट जनुकं दोन्हीकडे सारखीच विखुरलेली. ज्यांचा पडदा सुरुवातीला निरोगी होता, त्यांच्यात साखर काटेकोर सांभाळणाऱ्या गटाला रेटिनोपथीचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. घराणं कुणालाच बदलावं लागलं नाही. (पडदा आधीच बिघडलेला असेल, तर साखर झपाट्यानं उतरवताना तो काही काळ आणखी बिघडू शकतो. म्हणून आधी डोळे दाखवा.)

आता मला तुम्हाला विचारायचंय: आईचा पडदा पहिल्यांदा कधी तपासला होता? बहुतेक वेळा उत्तर येतं, “दिसेनासं झालं तेव्हा.” मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं. पडद्यावर रक्ताचे ठिपके पडत असतानाही नजर स्वच्छ असू शकते. टाइप २ मधुमेहाचं निदान होताच तपासणी व्हायला हवी, टाइप १ मध्ये पाच वर्षांच्या आत, आणि आधीपासून मधुमेह असलेली बाई गरोदर राहिली तर पहिल्या तिमाहीतच.

तुमची झाली नसेल तर याच आठवड्यात या. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी असू द्या. आईंनाही आणा, त्यांचा दुसरा डोळा अजून वाचवायचा आहे.