रात्री अडीचचा फोन

परवा रात्री अडीचला फोन आला, डॉक्टर गाय संध्याकाळी व्यायली आन् आता उठतच नाय, लगेच या. पाऊस चालूच, शेवटचा रस्ता नुसता चिखल, मग गाडी बांधाला लावून बॅटरीच्या उजेडात चालत गेलो. गोठ्यात शिरल्या शिरल्या कळलं, मान पोटाकडे वळवलेली, कान गार, म्हणजे मिल्क फिवर. व्यायल्यावर कॅल्शियम एकदम चिकात-दुधात जातं आणि रक्तात कमी पडतं. शिरेतून कॅल्शियमची 450 मिलीची बाटली लावली, पण ती हळूच सोडावी लागते, स्टेथो हृदयावर ठेवून, घाई केली तर हृदयच बंद पडू शकतं. बाटली संपता संपता गाईने ढेकर दिला, शेण टाकलं आणि थोड्या वेळात उभी राहिली! घरातल्या आजी तिच्या गळ्यात पडून रडायलाच लागल्या.

सगळ्याच रात्री अशा नसतात. 2022 ला लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग, आला तेव्हा शेळ्यांच्या देवी रोगाची लस गाईबैलांना टोचत दिवस दिवस फिरलो, तरी काही बैल डोळ्यांदेखत गेले, मालकाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

सकाळी त्याच घरून फोन. वासरू पोटभर चीक प्यायलं म्हणे.