पणजी ते म्हार्दोळ, खिडकीशेजारी

पणजीच्या कदंब स्थानकावर फोंड्याची बस लागली आणि काकांनी खिडकीतून रुमाल टाकून पुढची जागा धरली. गोव्यात येऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण मुंबईत असताना डबलडेकरमध्ये वरची पहिली सीट पकडायची सवय अजून हाताला आहे. म्हार्दोळच्या म्हाळसादेवीच्या दर्शनाला आम्ही चौघं निघालो होतो: काका, मावशी, मावसभाऊ आणि मी.

बस रायबंदरमार्गे निघाली. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं, मधून पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला अरुंद रस्ता. वारा नुसता अंगावर येत होता. "हे वरच्या मजल्यावरून बघायला हवं होतं रे," काका म्हणाले आणि विषय निघाला मुंबईच्या नव्या इलेक्ट्रिक डबलडेकरचा.

मावसभाऊ पक्का बसवेडा. 'स्विच' कंपनीची 'ईआयव्ही 22' ही नवी डबलडेकर फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईत धावू लागली, तेव्हा तो खास तिच्यात बसायला गेला होता. 1937 पासूनची परंपरा आणि जुन्या डिझेल गाड्यांची शेवटची फेरी 15 सप्टेंबर 2023 ला, हे सगळं त्याला तोंडपाठ. नवी बस त्याला मनापासून आवडते. आवाज नाही, धूर नाही, थंडगार.

"थंडगार, पण बंद!" काका म्हणाले. "वरच्या खिडकीतून येणारा वारा हीच तर डबलडेकर. काचेमागे बसायचं तर खालीच बसतो की."

भावानेच मग लंडनचं उदाहरण दिलं. 2012 साली आलेल्या तिथल्या 'नव्या रूटमास्टर' डबलडेकरला उघडणाऱ्या खिडक्या नव्हत्या. उन्हाळ्यात वरचा मजला असा तापायचा की पुढे खिडक्या बसवाव्या लागल्या. आपल्याच बाजूच्या विरोधातली गोष्ट त्याने प्रामाणिकपणे सांगितली, याचं मला कौतुक वाटलं.

बाणस्तारीचा पूल आला तेव्हा इतका वेळ गप्प असलेली मावशी बोलली. "तुम्ही दोघं वाऱ्याचं बोलता. मला तो मागचा जिना आठवतो. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यात. साडी सावरू, पिशवी सावरू की दांडा धरू? माझा स्टॉप दोनदा तरी पुढे गेलाय."

नव्या गाडीला दोन दारं आणि दोन जिने आहेत. हे ऐकून तिने विचारलं, "मग वाईट काय आहे तिच्यात?"

मला तिचंच पटतं. बसवेडे लोक रंग, आवाज, समोरची काच यांवर तासन्‌तास बोलतात, मीही बोलतो. पण नव्या रचनेतला खरा बदल तो दुसरा जिना आहे. खिडकीचं दुःख मात्र मी काकांइतकंच मानतो. निदान हिवाळ्यात तरी वरची पुढची काच सरकवता यायला हवी.

मंगेशीला निम्मी बस रिकामी झाली. पुढचाच थांबा म्हार्दोळ. मावशी आधीच उठून दाराशी गेली होती. काका अजून खिडकीला हात लावून बसलेले.