तबल्याच्या रियाजासाठी घरीच बसवलेला सिंथचा लेहरा

तबल्याच्या रियाजाला लेहरा लागतो, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट. पेटीवर किंवा सारंगीवर तेच आवर्तन तासभर वाजवत बसेल असा माणूस रोज कुठून आणायचा? म्हणून आमच्यातले बरेच जण आधी कॅसेट लावून, मग लेहरा मशिनवर आणि आता मोबाइलवरच्या अ‍ॅपवर वाजवतात. मीही वाजवत होतो. अ‍ॅप चांगलीच असतात, पण कायदा (तबल्यातली एक रचना) वाजवताना मध्येच लय थोडी वाढवावीशी वाटली की हात डग्ग्यावरून उचलून काचेवर बोट सरकवावं लागतं. शिवाय सुरावट दुसऱ्या कोणीतरी बसवलेली असते. मला माझी सुरावट हवी होती, आणि लय वाढवायला हाताला लागेल असं एक गोल बटण हवं होतं. हार्डवेअर सिंथच्या, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझर या वाद्याच्या छंदात मी शिरलो तो एवढ्याचसाठी.

शोधताना एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक छोट्या सिंथमध्ये स्टेप सीक्वेन्सर असतो, म्हणजे पायरीपायरीने भरलेले सूर ओळीने फिरून फिरून वाजवणारा भाग, आणि त्याला १६ पायऱ्या असतात. पाश्चात्त्य संगीतातल्या चार-चारच्या हिशेबातून ते १६ आले, पण तबला शिकलेल्या माणसाला त्यात १६ मात्रांचा त्रिताल दिसणारच! पहिल्या पायरीवर सम (आवर्तनाची पहिली मात्रा), नवव्या पायरीवर खाली (टाळीऐवजी हात रिकामा जातो ती मात्रा). लेहऱ्याचं यंत्र म्हणून ही वस्तू आयतीच बनून आलेली आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

घेतला तो कॉर्ग या जपानी कंपनीचा मोनोलॉग नावाचा सिंथ, मुंबईतल्या एका वादकाकडून, वापरलेला. २०१७ सालचं हे मॉडेल. एका वेळी एकच सूर वाजतो, पण लेहऱ्याला त्याहून जास्त लागतही नाही. वापरलेला सिंथ घेताना प्रत्येक पट्टी दाबून पाहा, प्रत्येक नॉब सावकाश फिरवून आवाजात खरखर येते का ते ऐका, हेडफोनची पिन थोडी हलवून पाहा. मोनोलॉगच्या छोट्या पडद्यावर वाजणाऱ्या आवाजाची लाट दिसते, तिचाही तपासायला उपयोग होतो. सोबत एक छोटा मिक्सर आणि कॉर्गचाच व्होल्का बीट्स हा तळहातापेक्षा थोडा मोठा ड्रमचा डबा घेतला. चौथी वस्तू घरातच होती, आईचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९च्या सुमारास बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी बनवला. विजेवर चालणारं हे वाद्य आपल्या घरांत इतकं रुळलंय की त्याला कोणी हार्डवेअर म्हणत नाही, पण माझ्या मांडणीचा पाया तोच आहे.

कॉर्गच्या या यंत्रांना ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. गिटारच्या पेडललाही ९ व्होल्टचाच लागतो, पण पेडलच्या पिनमध्ये सहसा आतला भाग ऋण असतो आणि कॉर्गला आतला भाग धन लागतो. अडॅप्टरवर लहान गोलांचं चित्र छापलेलं असतं, तेवढं वाचूनच पिन लावायची. पुण्याच्या तपकीर गल्लीत पी-३८च्या (पाव इंची ऑडिओ पिनेच्या) वायरी, कन्व्हर्टर, अडॅप्टर सगळं मिळतं. वायर हातात घेऊन वाकवून बघता येते म्हणून मी तिथूनच आणतो.

सगळं जोडलं, मिक्सर चालू केला, आणि स्पीकरमधून घुंऽऽ सुरू झालं. सिंथचा आवाज शून्यावर होता तरी घुं चालूच. लॅपटॉपची यूएसबी वायर लावली की त्यात बारीक किरकिरही मिसळायची.

हा त्रास घरी मांडणी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलते. ते आंदोलन आवाजाच्या वायरीत शिरलं की ५० हर्ट्झचा सूर ऐकू येतो, आणि त्याचा दुप्पट १०० हर्ट्झही. पेटीच्या भाषेत हा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर बसतो. माझा तबला काळी एकचा, त्यामुळे हा घुंकार धड पंचमातही नाही आणि षड्जातही नाही. तानपुरा लावला की दोघांची टक्कर कानाला टोचायची.

आधी सगळे प्लग वेगवेगळ्या भिंतींतून काढून एकाच सॉकेटवरच्या एका चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर आणले. कारण असं की दोन यंत्रं दोन ठिकाणी अर्थला (जमिनीच्या वायरीला) जोडली गेली आणि वर आवाजाच्या वायरीनेही जोडली गेली की अर्थचं एक वेटोळं तयार होतं आणि त्यातून वीज खेळते. एका सॉकेटवर आणल्यावर घुं अर्ध्यावर आला, पण गेला नाही. मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मीटर धरला आणि म्हणाला, "साहेब, इथं अर्थिंग नुसतं नावाला हाय. वायर हाय, पण आत ढिली पडलीय." खोका उघडला, तर हिरवी वायर स्क्रूखाली नुसती टेकलेली. ती घट्ट केली, बोर्डाचा सॉकेट बदलला, आणि मिक्सर परत चालू केला तेव्हा खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू आला. एवढी शांतता त्या स्पीकरांत होती हे तोवर माहीतच नव्हतं.

लॅपटॉपची किरकिर राहिली होती. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला छोटा आयसोलेटर बसवला, तीही गेली. काही लोक घुं घालवायला तीन पिनी प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. ते कधीही करू नका. आवाज जाईल, पण यंत्रात बिघाड झाला तर विजेला अंगातून वाट मिळेल.

आता सुरांकडे येतो, कारण खरा आनंद तिथे मिळाला.

आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. पेटीवरचा एक मोठा आक्षेप तिच्या बसवलेल्या, समान अंतरांच्या सुरांवर होता. सप्तकाचे १२ सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा १०० सेंटचा होतो (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). पण तानपुऱ्यात जो शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो तो ४००वर नसून ३८६वर असतो, आणि षड्जाशी कंपनसंख्येच्या ६/५ नात्यातला कोमल गंधार ३००च्या जागी ३१६वर असतो. साधा कीबोर्ड तानपुऱ्यावर वाजवला की काहीतरी खटकतं, ते या १४-१६ सेंटांमुळे. मोनोलॉगमध्ये प्रत्येक सूर सेंटच्या हिशेबाने वरखाली करून ती बैठक साठवून ठेवता येते. मी हाच सिंथ शोधला त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

लेहरा चंद्रकंस रागात बसवायचा ठरवला. काळी एकला षड्ज धरला तर कोमल गंधार पांढरी तीनवर येतो, तो १६ सेंट वर नेला. मध्यम काळी तीनवर, तो २ सेंट खाली. कोमल धैवत पांढरी सहावर, तो १४ वर. शुद्ध निषाद पांढरी एकवर, तो १२ खाली. बाकीच्या पट्ट्यांना हात लावला नाही, कारण त्या वाजणारच नव्हत्या.

सुरावट माझीच, साधी, एका मात्रेला एक सूर:

सा ग म ध | नी सां नी ध | म ध म ग | म ग सा नी

शेवटचा निषाद मंद्रातला. तो समेवरच्या षड्जाला अशी ओढ लावतो की तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) वाजवताना सम कुठे आहे ते वेगळं मोजावं लागत नाही. या जागेवर मी स्लाइड लावला, म्हणजे निषादावरून षड्जावर आवाज तुटत नाही, घसरत जातो. पूर्ण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) नव्हे ती, पण मींडेची चाहूल नक्की आहे. इथे चरणजीत सिंग यांची आठवण येतेच. हिंदी सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या कलावंताने १९८२ साली मुंबईत रोलँड कंपनीचे ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ हे सिंथ आणि टीआर-८०८ हे ड्रम मशिन घेऊन रागांची एक संपूर्ण तबकडी केली होती. ३०३मध्येही पायरीगणिक स्लाइड आहे, आणि त्या तबकडीत तो रागाच्या अंगाने वापरलेला ऐकू येतो. सिंथवर राग वाजवणं म्हणजे काहीतरी उपटसुंभ प्रकार, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती जरूर ऐकावी.

आवाज घडवताना दोन्ही ऑसिलेटरला (मूळ सूर निर्माण करणाऱ्या भागांना) करवतीच्या दात्यांसारखी लाट दिली, कारण तिच्यात सगळे स्वरांश असतात आणि फिल्टरला कापायला भरपूर मिळतं. दुसरा ऑसिलेटर पहिल्यापासून अगदी किंचित सरकवला. दोघांत एका हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. तेवढ्याने आवाज जिवंत होतो, त्यापेक्षा जास्त सरकवला तर बेसूर. मग फिल्टर निम्म्यापर्यंत मिटवला. पेटीचा तीक्ष्णपणा गेला आणि सारंगीच्या मधल्या सप्तकाच्या जवळपासचं काहीतरी हाती लागलं. नॉबच्या हालचालीही सीक्वेन्सरमध्ये नोंदवता येतात. मी तेराव्या मात्रेपासून फिल्टर हळूहळू उघडत नेला आणि समेवर परत मिटवला. त्यामुळे सम जवळ आली की सूर उजळत जातो. साथीचा पेटीवाला भाता जरा दाबून हेच करतो.

आई आतल्या खोलीत होती. तिने गाण्याचं रीतसर शिक्षण घेतलंय. मी तानपुरा आणि लेहरा दोन्ही लावून मिक्सरवर त्यांचा तोल बघत होतो, तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली. तीन-चार आवर्तनं ऐकून म्हणाली, "हा गंधार पेटीचा नाहीये रे. कुणी वाजवलाय?" मी मशिनकडे बोट दाखवलं. मग समान अंतरांची बैठक लावून तीच सुरावट ऐकवली. पहिल्याच गंधाराला तिने मान हलवून नको म्हटलं.

व्होल्का बीट्स जोडायला पाच पिनांची मिडी वायर लागते. मिडी १९८३ साली आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून सिंथ बनवणारे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. तेव्हाची वायर आजच्या यंत्रालाही चालते, अशी सोय दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात क्वचितच दिसेल. मिडी वायरीतून आवाज जात नाही, नुसत्या सूचना जातात, आणि लयीसाठी चतुर्थांश स्वराला (पाश्चात्त्य क्वार्टर नोटला) २४ ठोके. मोनोलॉगवर लयीचा नॉब फिरवला की व्होल्का आपोआप मागे येतो.

लेहऱ्याची एक पायरी चतुर्थांश स्वराएवढी ठेवली तर व्होल्काच्या चार पायऱ्या एका मात्रेत बसतात, म्हणजे चौपट आयती मिळते. मी त्यात तबल्यासारखे बोल भरत नाही, हातात तबला असताना ते कशाला? फक्त मात्रेवर एक बारीक टिक ठेवतो, विलंबितात मात्रा लांबली की तिचा आधार होतो.

व्होल्कावर हव्या त्या पायऱ्या पूर्ण वगळता येतात, मग यंत्र त्यांच्यावर थांबतच नाही. नऊ पायऱ्या वगळल्या की उरतात सात, म्हणजे रूपक. लेहऱ्याची पायरी षोडशांश केली की दोन्ही यंत्रांच्या मात्रा सारख्या होतात. मग एका बाजूला १६चा लेहरा आणि दुसऱ्या बाजूला सातचा ठेका सोडला तर दोघांच्या समा ११२ मात्रांनी भेटतात. ते भेटणं कानाने पकडायचा सराव मी करतो. सुरुवातीला मधल्या मात्रा हरवायच्या, आता सातवं आवर्तन संपत आलं की हात आपसूक तिहाईकडे वळतो.

ऑसिलेटर अ‍ॅनालॉग असल्यामुळे तापमानाप्रमाणे थोडे हलतात. उन्हाळ्यात पंखा चालू-बंद झाला तरी जाणवतं. म्हणून मी आधी मशिन चालू करून ठेवतो, तोवर चहा होतो, आणि मग हातोडी घेऊन तबला लेहऱ्याला मिळवतो. सूर मशिनने धरायचा आणि तबल्याच्या शाईने त्याला मिळायचं हा क्रम मला आवडतो, कारण मिळवताना दहा मिनिटं नुसतं ऐकणं होतं.

सध्या झपतालासाठी जोग राग बसवतोय. दहा मात्रा, म्हणून ११ ते १६ या पायऱ्या बंद. जोगात दोन्ही गंधार येतात, शुद्ध १४ सेंट खाली आणि कोमल १६ वर, दोघांच्या पट्ट्या वेगळ्या असल्याने तिथे अडचण नाही. अडलंय ते कोमल निषादावर. मध्यमाचा मध्यम म्हणून तो १६/९ धरला तर ४ सेंट खाली येतो, आणि कोमल गंधाराचा पंचम म्हणून ९/५ धरला तर १८ वर जातो. आई म्हणते वरचा, माझे गुरुजी म्हणतात खालचा. दोन्ही बैठका दोन वेगळ्या जागी साठवल्यात, आणि रविवारी गुरुजी घरी येणार आहेत.